बिदागीचे पैलवान

पैशासाठी खेळणारा म्हटला की आपण पांढरपेशे लोक किंचित नाक मुरडतो. खेळ हौसेखातर असावा, अशी आपली समजूत. गोदाकाठच्या एखाद्या जत्रेत कुस्त्यांचा फड लागला असेल, तर मात्र ही समजूत वेशीबाहेर ठेवूनच आत शिरावे. तेथे प्रत्येक कुस्तीला किंमत असते आणि ती चारचौघांत पुकारली जाते. आरंभी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग रुपयांचा आकडा चढत जावयाचा. आणि दिवस कलता कलता मोठी जोड हौद्यात उतरली म्हणजे हलगीवाल्याच्या अंगात वारे शिरावयाचे.

आपल्या परभणीची जमीन काळी. भिजली की चिकटते, वाळली की भेगाळते. कापसाला उत्तम, कुस्तीला निरुपयोगी. हौद्यासाठी तांबडी माती आणावी लागते, चाळावी लागते, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ करावी लागते. मातीची ही निगा, तर पैलवानाच्या शरीराची किती! दूध, तूप, बदाम हा खुराक शेतकऱ्याच्या घरात परवडणारा नव्हे. म्हणूनच जत्रेचे इनाम ही वरकमाई, आणि खरा आधार संस्थानिकांचा.

या आश्रयदात्यांत कोल्हापूरचे शाहू छत्रपती अग्रगण्य होत. १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले, आणि १९१२ साली कोल्हापुरात खासबागेचे मैदान खुले झाले. पहिली मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्षाचे थोरले बंधू म्हणजे गामा. १९१० साली लंडनमध्ये झिबिस्को सुमारे अडीच तास बहुतेक जमिनीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ साली पतियाळात गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले.

दूर कॅनडात बर्फावरच्या हॉकीचे धंदेवाईक खेळाडू हिवाळाभर संघाच्या पगारावर खेळत आणि उन्हाळ्यात दुसरे काम शोधत. १९५७ साली डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना उभारली, तेव्हा त्याच वर्षी त्याची शिकागोच्या संघाकडे रवानगी झाली. अन्याय खराच, परंतु भांडावयास समोर मालक तरी होता. आमच्या पैलवानाचा मालक राजा, आणि राजाचे राज्यच विलीन झाले तर भांडावे कोणाशी?

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांची हकीकत या संधिकालातली आहे. खाशाबा हौशी खेळाडू. ऑलिंपिकात तेव्हा धंदेवाइकांना प्रवेश नव्हता. पण आश्रयाची गरज त्यांनाही तितकीच. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकास जाण्याचा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तेथे ते सहावे आले. १९४९ साली संस्थान विलीन झाले. १९५२ साली हेलसिंकीस जावयाचे, तर दारोदार हात पसरण्याची पाळी आली. अखेर राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. प्राचार्यांचे ते घर मला पदकाइतकेच मोठे वाटते.

गामाचे अखेरचे दिवस लाहोरात आजारपणात आणि तंगीत गेले. १९६० साली तो वारला.

जत्रेचा फड मात्र उठला नाही, कारण तो कोणा राजाच्या नव्हे, गावच्या वर्गणीच्या जोरावर उभा होता. १९६१ साली औरंगाबादेस महाराष्ट्र केसरीची पहिली गदा दिनकर दह्यारींनी पटकावली. पुढे आपल्या शेजारच्या लातूरकडील हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. कुस्ती सुटल्यावर ते वस्ताद झाले, आणि पहाटे तालमीत पोरांकडून जोर-बैठका काढून घेऊ लागले.