गोळ्यांची पिशवी आणि एक विसरलेली गोळी

 

मागच्या भागात मी पेनसिल्व्हेनियाच्या लाँग रायफलबद्दल तासभर बोललो. वाटलं होतं, लोक बंदुकीबद्दल विचारतील. पण सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न काय? "दादा, फोटोत तुमच्या काखेत ती चामड्याची पर्स कसली?"

पर्स! ठीक आहे. आजचा भाग त्या पर्सवर.

जे पहिल्यांदाच ऐकतायत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी मूळचा सांगलीकडचा, राहतो पिट्सबर्गला. सोम ते शुक्र सॉफ्टवेअर, आणि वर्षातले पाच-सहा शनिवार-रविवार १७६३ सालात. म्हणजे रीइनॅक्टमेंट. त्या काळचे कपडे, छावणी, चुलीवरचं जेवण आणि लढाईचं प्रात्यक्षिक, हे सगळं लोकांसमोर उभं करायचं. ॲलेगेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्या जिथे मिळतात आणि ओहायो सुरू होते, तिथे इंग्रजांचा फोर्ट पिट होता. १७६३ च्या उन्हाळ्यात लेनापे, शॉनी, मिंगो या लोकांनी त्याला वेढा घातला. जमीन त्यांची होती, हे विसरायचं नाही. किल्ला सोडवायला कर्नल हेन्री बुके साधारण ४०० माणसं घेऊन पूर्वेकडून निघाला, आणि ५ आणि ६ ऑगस्टला बुशी रन इथे लढाई झाली. जखमींना आडोसा म्हणून पिठाची पोती रचली होती, ती हीच लढाई.

आमचा गट लाल कोटवाल्या सैनिकांचा नाही. आम्ही सरहद्दीवरचे साधे शेतकरी-शिकारी. बघायला येणारे मला हमखास विचारतात, "तू इंडियन आहेस ना, मग या बाजूला कसा?" आता यावर काय बोलणार!

तर पिशवी. इंग्रजीत हिला शॉट पाउच म्हणतात. आपण गोळ्यांची पिशवी म्हणू. ती लागते कशाला? आपल्याकडे जिला ठासणीची बंदूक म्हणतात, त्याच जातीची ही रायफल आहे. काडतूस नाही. दारू वेगळी, गोळी वेगळी, गोळीभोवती गुंडाळायची चिंधी वेगळी. वरून दारू ओतायची, चिंधीत बसवलेली गोळी गजाने खाली ठासायची, मग घोड्याखालच्या वाटीत चिमूटभर रंजक घालायचं. चकमकीची ठिणगी त्या रंजकावर पडते आणि आग बंदुकीच्या कानातून आत जाते. दारू शिंगात राहते. बाकी सगळा संसार या पिशवीत.

माझी पहिली पिशवी चांगली फूटभर रुंद होती. मोठी असली की बरी, असा आपला मध्यमवर्गीय हिशोब. आणि मोठी पिशवी रिकामी ठेवायची कशी? मग भरली. गोळ्या, गोळ्या ओतायचा साचा, शिशाचे दोन तुकडे, चकमकीचे सहा दगड, सुकं मांस, कंपास, लाकडी चमचा, आग पेटवायचं सामान, आणि कुठल्यातरी स्टॉलवर आवडला म्हणून घेतलेला कासवाच्या आकाराचा तंबाखूचा डबा. मी तंबाखू खात नाही. पट्ट्यालाही तीन-चार गोष्टी लटकवल्या. चाललो की खुळखुळ आवाज, पळालो की पिशवी मांडीवर आपटायची. पण फोटो झकास यायचे हं.

आता ज्यासाठी हा भाग करायचा ठरवला, ते सांगतो. सांगायला लाज वाटते.

आमच्याकडे दोन प्रकारचे कार्यक्रम असतात. एक, नेमबाजीचे. तिथे जंगलात पाट्यांवर खरी गोळी झाडतात. दुसरे, लढाईच्या प्रात्यक्षिकाचे. तिथे समोर माणसं असतात, त्यामुळे नुसती दारू. कागदाच्या पुडीत मोजून दारू भरलेली असते. गोळी नाही, आणि गज बाहेर काढायचाच नाही. लायनीत उभं राहायच्या आधी प्रत्येकाची बंदूक आणि पिशवी तपासतात.

पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या एका कार्यक्रमाची गोष्ट. आदल्या रविवारी मी नेमबाजीला गेलो होतो. घरी येऊन पिशवी रिकामी केली, टेबलावर उलटी करून झटकली. काही उरलं नाही. शनिवारी सकाळी तपासणीला आमच्या कॅप्टनने आत हात घातला, ढवळलं, बाहेर काढला. मी निघणार, तेवढ्यात त्याने पिशवीचा खालचा कोपरा बाहेरून चिमटीत धरून दाबला. थांबला. पुन्हा दाबला. मग म्हणाला, "हे काय आहे?"

आतलं कापडी अस्तर कोपऱ्यात उसवलं होतं. त्या भोकातून एक गोळी अस्तर आणि कातड्याच्या मधे जाऊन बसली होती. शिशाची, साडेबारा मिलिमीटरची खरी गोळी.

समोरच्या फळीत माझा मित्र होता. आम्ही एकाच गाडीतून आलो होतो. सकाळी सहाला, धुक्यात, माझ्या डब्यातले पोहे दोघांनी एकाच चमच्याने खाल्ले होते. काही मिनिटांनी मी त्याच्याच दिशेने बार काढणार होतो.

मी म्हटलं, "ती गोळी बंदुकीत जाणं शक्य नव्हतं, अस्तरामागे अडकली होती." कॅप्टन चिडला नाही, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाला, "गोळी आपणहून नळीत चढत नाही, मला माहीत आहे. पण तुझ्या पिशवीत काय आहे हे तुला माहीत नसेल, तर तुझ्या नळीत काय आहे ते मी कुणाला विचारू?" त्या दिवशी मी लढलो नाही. पाण्याच्या बादल्या वाहिल्या. परतीच्या वाटेवर मित्राला सांगितलं. तो हसला, मग बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्याच दिवशी ठरवलं, नवीन पिशवी स्वतः शिवायची. त्या काळची माणसं काय वापरत होती ते नीट बघून.

इथे पहिली अडचण. १८ व्या शतकातल्या, तारखेची खात्री देता येईल अशा पिशव्या फारच थोड्या शिल्लक आहेत. दारूची शिंगं पुष्कळ आहेत, कारण त्यांच्यावर नाव, साल, कधीकधी नकाशाही कोरलेला असायचा आणि लोक ती जपून ठेवायचे. पिशवी झिजली की फेकायची किंवा तिचं कातडं दुसऱ्या कशाला लावायचं. त्यामुळे आपण "जुनी फ्रंटियर पिशवी" म्हणून जे फोटो बघतो, त्यातल्या बऱ्याच १९ व्या शतकातल्या असतात. "पॉसिबल्स" हे नाव लोक सर्रास वापरतात, तेसुद्धा नंतरच्या रॉकी पर्वतातल्या फासेपारध्यांच्या काळाचं.

पण लिहिलेलं थोडं मिळतं. जोसेफ डॉड्रिज म्हणून एक गृहस्थ याच भागात लहानाचे मोठे झाले, आणि १८२४ साली त्यांनी सरहद्दीवरच्या जगण्याबद्दल पुस्तक छापलं. शिकाऱ्याच्या ढगळ सदऱ्याबद्दल ते सांगतात, की छातीशी तो इतका मोकळा असायचा की त्यातच भाकरीचा तुकडा, सुकं मांस, नळी पुसायचा ताग वगैरे कोंबायचे. हे वाचून माझी ट्यूब पेटली. जेवण सदऱ्यात! म्हणजे माझ्या पिशवीतलं अर्धं सामान पिशवीचं नव्हतंच.

मला आमच्या आजोबांची चंची आठवली. तुमच्यापैकी किती जणांनी चंची बघितली आहे? पान, सुपारी, चुना, कात, प्रत्येकाचा कप्पा ठरलेला. आजोबा गप्पा मारता मारता, खाली न बघता पान लावायचे. चंचीत त्यांनी कधी चष्मा किंवा किल्ल्या ठेवल्या नाहीत.

तर बनवायला घेतली. कातडं झाडाच्या सालीत कमावलेलं हवं. त्यांच्याकडे ओकची साल, आपल्याकडे बाभळीची. बाजारात मिळणारं मऊ, रंगीत कातडं बहुतेक क्रोमने कमावलेलं असतं, आणि ती पद्धत १९ व्या शतकाच्या शेवटीशेवटी आली. जाडी दीड मिलिमीटरच्या आत. माप सात इंच रुंद, आठ इंच खोल, बस्स. हाताचा पंजा आत जाऊन वळला पाहिजे, एवढीच अट. आधी खाकी कागदाची पिशवी करून बघा, कातडं महाग आहे.

पुढचा तुकडा एक. मागचा तुकडा लांब, तोच वरून पुढे येऊन झाकण होतो. शिवायचं उलट्या बाजूने, आणि दोन तुकड्यांच्या मधे कातड्याची बारीक पट्टी घालायची. उलटल्यावर शिवण आत जाते, बाहेर पट्टीची फक्त कड दिसते, आणि टाके घासले जात नाहीत. दोरा लिननचा, मधमाशीच्या मेणातून ओढलेला. आरीने भोक पाडायचं आणि दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून एकाच भोकातून समोरासमोर काढायच्या. एक टाका तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. मशीनच्या शिवणीत हे होत नाही. इंचाला आठ टाके धरले तर तिन्ही बाजूंना मिळून दोनशेच्या जवळ जातात. मला चार संध्याकाळी लागल्या. बोटांना फोड आले, ते कोणी इन्स्टावर दाखवत नाही.

मग कोमट पाण्यात बुडवून पिशवी उलटायची. उशीचा अभ्रा उलटा करतो तशीच, फक्त हा अभ्रा तुमच्याशी भांडतो. कोपरे लाकडी चमच्याच्या दांड्याने आतून ढकलायचे. हां, तो चमचा शेवटी इथे कामाला आला.

रंगासाठी व्हिनेगरमध्ये गंजके खिळे दोन आठवडे भिजत ठेवले. ते पाणी सालीत कमावलेल्या कातड्याला लागलं की डोळ्यांदेखत काळं पडतं. हा रंग वरून बसत नाही. लोखंड आणि कातड्यातलं टॅनिन मिळून तो तयार होतो.

आणि अस्तर. यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. काही जण अस्तरच लावत नाहीत, तेही चालतं. मी लिननचं लावलं, पण फक्त तोंडाशी शिवलं. खाली मोकळं. पँटचा खिसा बाहेर ओढून दाखवतो ना, तसं ते पूर्ण बाहेर येतं, आणि मागे कातड्याची आतली बाजू उघडी दिसते. काही लपायला जागाच नाही.

पट्टा लावताना घाई करू नका. पिशवी कमरेवर नाही, उजव्या काखेखाली, कोपराच्या उंचीला आली पाहिजे. पिन लावून घरात पळून बघा. मी जिन्यावरून वर-खाली पळालो. बायको म्हणाली, "शेजारी पोलीस बोलावतील." कोपराने पिशवी अंगाशी दाबता आली, की लांबी बरोबर.

आता भरायची. नेमबाजीचा दिवस असेल तर माझ्या पिशवीत एक छोटी कातडी थैली असते, त्यात २० गोळ्या. माझ्या रायफलच्या ४० गोळ्यांचं वजन साधारण एक पौंड भरतं, म्हणजे २० चे सव्वादोनशे ग्रॅम. आधी मी ५० घेऊन फिरायचो, खांदा का दुखतो म्हणून विचार करत. चरबी चोळलेली लिननची पट्टी. कातड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले चकमकीचे तीन दगड. सुटे ठेवले तर त्यांच्या धारा अस्तर कापतात. माझं आधीचं भोक बहुधा असंच पडलं होतं. घोड्याच्या जबड्याचा स्क्रू फिरवायला एक पेचकस. गजाच्या टोकाला लावायचा वळलेल्या तारेचा आकडा आणि नळी पुसायला ताग. कान साफ करायची तार आणि शिंगाचं माप बाहेर वादीला बांधलेलं. माप कायम वापरा. शिंगातून थेट नळीत दारू ओतायची नाही. आधीच्या बाराची ठिणगी नळीत राहिली असेल, तर हातातलं अख्खं शिंग पेटेल.

संपलं. साचा छावणीत. कासवाचा डबा दिवाणखान्यात, त्यात आता पेन ड्राइव्ह असतात.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी गोळ्यांची थैली घरीच, दाराशेजारच्या खुंटीला. गाडीतही नाही. पिशवीत फक्त पुड्या, दगड, पेचकस. आदल्या रात्री अस्तर बाहेर ओढायचं, मग कातड्याच्या चारही कडा चिमटीत धरून फिरवायच्या. मोबाईल बाजूला ठेवून. बोलता बोलता करायचं काम नाही हे.

नवीन पिशवी घेऊन पहिल्यांदा गेलो, तेव्हा तपासणीला तोच कॅप्टन. त्याने हात पुढे करायच्या आधी मीच अस्तर ओढून बाहेर काढलं. थोडा तागाचा भुसा पडला, आणि त्याच्याबरोबर गवतावर काहीतरी टप्पकन पडलं. गोल. माझ्या पोटात गोळा आला.

त्याने वाकून उचललं, बोटांत फिरवलं, नाकाला लावलं. फुटाणा होता. आदल्या रात्री खात खात पिशवी भरली होती.

"हे १७६३ चं नाही," म्हणाला. तोंडात टाकला आणि मला लायनीत उभं केलं. समोरच्या फळीतून मित्राने टोपी हलवली.

पुढच्या भागात दारूचं शिंग. बैलाचं कच्चं शिंग उकळताना घरात जो वास सुटतो, त्याबद्दल बायकोचं मत तिच्याच तोंडून ऐकवतो. भेटू!