फुकटची राखण



आम्ही शाळा फारशी पाहिली नाही. संगणकाची विद्या वाचून मिळविली. तीतील एक हकीकत कामगारांच्या दृष्टीने सांगतो.

इंटरनेटवरचा मजकूर वाटेत कोणी वाचू नये म्हणून तो सांकेतिक लिपीत बंद करणारे ‘ओपनएसएसएल’ नावाचे साधन आहे. २०१४ च्या एप्रिलात त्यातील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. कोणी चार अक्षरे पाठवून ‘६४,००० परत द्या’ म्हटले, की यंत्र मोजून न पाहता स्मृतीतला शेजारचा मजकूरही देऊन टाकी. त्यात कधी परवलीचे शब्दही असत. ही तपासणी २०१२ पासून राहून गेली होती.

असे का व्हावे? लक्षावधी सर्व्हर ज्यावर विसंबले, त्या कामाला पूर्ण वेळ वाहिलेला माणूस एकच, आणि देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर! बोभाटा झाल्यावर बड्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत पैसा उभा केला.

साधन सर्वांना खुले असावे, हे आम्हांस मान्यच आहे. पण बॉयलर तपासणारा माणूस स्फोटाच्या आधी नेमायचा असतो. जो त्या साधनावर नफा कमावितो, त्याने ते राखणाऱ्याची मजुरी वेळेवर चुकती करावी, एवढेच आमचे मागणे आहे.