एका मोटारविक्रेत्याचे स्मरण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आज पदवीधरांचा गौरव झाला, तो उचितच झाला. परंतु ज्यांच्या पदरी पदवी पडली नाही अशी मुलेही मागच्या रांगांत बसली आहेत. त्यांच्यासाठी आम्ही एका परदेशी व्यापाऱ्याचे स्मरण करू इच्छितो.

कॅल वर्दिंग्टन यांचा जन्म १९२० साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एका गरीब घरात झाला. तेराव्या वर्षी शाळा सुटली. दुसऱ्या महायुद्धात ते बी-१७ या बाँबफेकी विमानाचे वैमानिक झाले. जर्मनीवर त्यांनी २९ मोहिमा केल्या. युद्ध संपल्यावर प्रवासी विमाने चालवावीत अशी त्यांची मनीषा होती. पण पदवी नाही, म्हणून ते दार बंद झाले. मृत्यूच्या छायेतून विमान परत आणणाऱ्याला एका कागदाने अडविले!

ते खचले नाहीत. टेक्ससमधील आपला पेट्रोलपंप विकून त्यांनी जुन्या मोटारींचा व्यापार आरंभिला व पुढे लॉस एंजेलिस गाठले. दूरचित्रवाणी तेव्हा बाल्यावस्थेत होती. तिचे सामर्थ्य त्यांनी ओळखले. एक प्रतिस्पर्धी कुत्रा घेऊन जाहिरात करी. वर्दिंग्टन यांनी त्याचे विडंबन आरंभिले. काउबॉय टोपी घालून ते ‘माझा कुत्रा स्पॉट’ अशी ओळख करून देत, आणि पडद्यावर येई गोरिला! पुढे वाघ आला, हत्ती आला, पाणघोडाही आला. कुत्रा मात्र आला नाही. वाघाला कुत्रा म्हटल्याने कोणी फसत नाही. ती निर्मळ थट्टा होती, आणि तिनेच गिऱ्हाईक दुकानाच्या दारापर्यंत आणले.

हा धंदा आपल्याला मनापासून कधी आवडला नाही, असे ते उतारवयात मोकळेपणाने सांगत. तरी त्याच धंद्याच्या कमाईवर त्यांनी स्वतःचे जेट विमान घेतले आणि ते स्वतः चालविले. बंद झालेले आकाश त्यांनी दुसऱ्या वाटेने गाठले. २०१३ साली, वयाच्या ९२ व्या वर्षी, ते निवर्तले.

तरुणांनो, एक दार मिटले म्हणजे घर मिटले असे मानू नका. आणि वडीलधाऱ्यांनो, आपल्या शिष्यवृत्ती-निधीतील काही वाटा धंदा शिकणाऱ्या मुलांसाठीही राखावा, अशी आमची नम्र विनंती आहे. पुढील वर्षी त्यांनाही या व्यासपीठावर बोलवावे, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.