शुगर आपोआप उतरली तर आधी किडनी तपासा



बचत गटाची वही उघडली की घराघरातलं दुखणं कळतं. पूर्वी आमच्या गटात बायका कर्ज मागायच्या ते बियाण्यासाठी, शाळेच्या फीसाठी, शेळीसाठी. आता ‘दवाखाना’ हे कारण वारंवार लिहावं लागतं, आणि विचारलं की बऱ्याचदा शुगरच निघते. म्हणून आज शुगर आणि किडनीबद्दल बोलते. सुरुवात माझ्याच घरापासून.

माझ्या सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या नेमाने घ्यायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची शुगर आपोआप उतरायला लागली. आम्ही सगळे खूश! कारल्याचा रस लागू पडला, असं त्या शेजारणींना सांगायच्या. मधूनच दरदरून घाम यायचा, हात थरथरायचे, साखर खाल्ली की बरं वाटायचं. आम्ही म्हटलं, अशक्तपणा असेल. मग सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसू लागली. सरकारी दवाखान्यात रक्त-लघवी तपासली, तेव्हा कळलं की किडनीचं काम निम्म्याहून कमी झालंय.

डॉक्टरांनी समजावलं. इन्सुलिन हे शरीरातलं हार्मोन. काम झालं की त्याचा बराच भाग किडनी काढून टाकते. किडनी थकली की इन्सुलिन आणि शुगरच्या काही गोळ्या अंगात जास्त वेळ राहतात, म्हणून शुगर खाली येते. आम्ही ज्याला गुण आला म्हणत होतो, ते किडनीचं दुखणं होतं.

बायांनो, मधुमेहात किडनी बिघडते तेव्हा ती दुखत नाही. नुसती शुगर तपासून ती कळतही नाही. म्हणून मधुमेह असेल तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं, लघवीतलं अल्ब्युमिन बहुतेकदा त्याआधी दिसतं. तेव्हाच सापडलं तर औषधं आणि बीपीवर ताबा ठेवून किडनी कितीतरी वर्षं सांभाळता येते.

दुसरी गोष्ट. द्राक्षाच्या छाटणीला, खुडणीला गेल्यावर कंबर धरते आणि आपण दुकानातून अंगदुखीची गोळी आणतो. शुगर-बीपी असणारीने ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. किडनीला ती बाधते. आणि शुगर कमी दिसली म्हणून गोळ्या मनाने बंदही करू नका. डोस डॉक्टरच ठरवतील.

जायचं कुठे? तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीची शुगर-बीपी गावच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात तपासतात. आशाताईंना विचारा. बाळंतपणात शुगर निघाली होती, त्यांनी तर चुकवूच नये. पुढे जिल्हा रुग्णालय आहे. किडनीच्या तज्ज्ञ उपचारांसाठी शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय आहे. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जाताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला.

सासूबाईंच्या गोळ्या बदलल्या, मीठ कमी केलं. अजून डायलिसिस लागलेलं नाही, पण दर तीन महिन्यांनी तपासणीला जावंच लागतं. लघवीची तपासणी आधीच केली असती तर, हे मनातून जात नाही.

म्हणून आमच्या गटात आता हप्ता घेताना मी शुगर असलेल्या प्रत्येकीला विचारते, “ताई, यंदा लघवी तपासली का?” तुमच्याही बैठकीत विचारा.