शोकेसमध्ये ठेवायचा की चालवायचा?

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात क्लब हाउसमध्ये झालेल्या छंदांच्या कार्यक्रमातील भाषण)

सन्माननीय अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, महिला मंडळाच्या भगिनी, आणि पहिल्या रांगेत बसून मघापासून टेबलाकडे हात लांबवणाऱ्या बालगोपाळांनो,

मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि सेक्रेटरीसाहेबांनी घड्याळ समोरच ठेवलंय, तेव्हा प्रस्तावना आटोपती घेतो.

टेबलावरचा हा काळा ट्रक माझा नाही. आमच्याच विंगमधल्या एका वहिनींचा आहे. त्या समोर बसल्यात. त्यांची परवानगी घेऊनच बोलतोय. मी काही वाढवून सांगितलं तर त्या मला थांबवतीलच.

वहिनींच्या यजमानांनी हा ट्रक १९८९ साली दुबईहून आणला. तेव्हा ही मंडळी डोंबिवलीला चाळीत राहायची. २००१ साली आपली सोसायटी झाली, ते इथे आले आणि सामानाबरोबर ट्रकही माळ्यावर गेला. म्हणजे सोसायटीची जेवढी वर्षं, तेवढीच याची माळ्यावरची. यजमान आज नाहीत. गेल्या दिवाळीत माळा आवरताना खोका खाली आला, आणि घरात दोन पक्ष पडले. मुलगी म्हणाली, ‘बाबांची आठवण आहे, अगदी नव्यासारखा करून शोकेसमध्ये ठेवू.’ दहा वर्षांचा नातू म्हणाला, ‘गाडी आहे तर चालवायची!’ मला सोल्डरिंगचा जुना नाद आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे खोका माझ्याकडे आला. वहिनी मात्र काहीच बोलल्या नव्हत्या.

आधी या ट्रकचं कूळ सांगतो. जपानच्या शिझुओका शहरात तामिया नावाची कंपनी आहे. १९४६ साली सुरू झाली तेव्हा तिचा धंदा लाकडाचा होता. मग लाकडाची मॉडेल्स, मग प्लॅस्टिकची, आणि १९७६ साली पहिली रेडिओ कंट्रोल गाडी, पोर्शे. हा ट्रक १९८७ सालचा. नाव ‘मिडनाइट पम्पकिन’, म्हणजे मध्यरात्रीचा भोपळा. १९५०च्या दशकातल्या अमेरिकन फोर्ड पिकअपसारखा घाट, मूळ गाडीच्या एक बारांश आकार, आणि चाकं मात्र अंगापेक्षा मोठी.

मुलांनो, ही गाडी दुकानातून तयार मिळायची नाही. खोक्यात सुटे भाग, स्क्रूच्या पिशव्या आणि एक पुस्तिका असायची. कुठला स्क्रू किती मिलिमीटरचा आणि कुठे बसतो, हे चित्रांसह त्यात दिलेलं असतं. घरी बसून स्वतः जोडायची. म्हणजे ही वस्तू उघडण्यासाठीच बनवलेली आहे. आजची खेळणी एकदा मिटली की मिटली. हिचं तसं नाही, आणि म्हणूनच चाळीस वर्षांनी तिच्यावर काम करता येतं.

आता मुद्द्यावर येतो. अशी वस्तू हातात आली की आपण लगेच स्क्रू ड्रायव्हर शोधतो. त्याच्याआधी एक प्रश्न विचारायचा: हे कशासाठी दुरुस्त करतोय? पाहण्यासाठी की चालवण्यासाठी? रिपेअर की रिडेव्हलपमेंट हा प्रश्न आपल्या कमिटीला नवीन नाही, त्यामुळे जास्त समजावत बसत नाही. या एका उत्तरावर पुढची प्रत्येक गोष्ट ठरते.

तीन उदाहरणं देतो.

पहिलं, टायर. रबर जुनं झालं की कडक होतं, बारीक चिरा पडतात. शोकेससाठी हेच टायर हवेत, कारण ते मूळचे आहेत. चालवायचं तर एका उडीत फाटतील. ही गाडी कंपनीने या शतकात पुन्हा बाजारात आणली आहे, त्यामुळे नवे टायर मिळतात.

दुसरं, वेग कमीजास्त करण्याची यंत्रणा. आज हे काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं. तेव्हा एक छोटी मोटर, जिला सर्वो म्हणतात, ती धातूच्या संपर्कांवरून एक पट्टी सरकवायची. पूर्ण वेग नको असला की उरलेली वीज एका रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जायची. हात लावला तर चटका बसेल इतका तो तापतो. पाहण्यासाठी ही यंत्रणा म्हणजे दागिना आहे. रोज चालवायला मात्र कटकटीची, कारण संपर्क काळे पडतात आणि गाडी धक्के खात चालते.

तिसरं, रिमोट. जुना रिमोट २७ मेगाहर्ट्झवर चालतो, क्रिस्टलची जोडी लागते. दोन गाड्या एकाच क्रिस्टलच्या असल्या तर एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी वळायची! आजचे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आपापली गाडी ओळखतात.

तर असं प्रत्येक भागाचं आहे. म्हणून मी वहिनींना सांगितलं, तुमचं घरात ठरेपर्यंत मी फक्त तेवढंच करतो जे दोन्हीकडे लागतं.

ते काय, हे नीट सांगतो, कारण तुमच्याही माळ्यावर काही ना काही असेल.

सर्वात आधी, चालू करून पाहायचं नाही. मोह होतो, पण नाही. सेल काढायचे. रिमोटमध्ये आठ पेन्सिल सेल होते, सगळे फुटून त्यांचा पाझर पट्ट्यांवर जमला होता. अल्कलाइन सेलचा पाझर क्षारधर्मी असतो. हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने तो निघतो. मग ओल्या काडीने पुसून कोरडं करायचं. गाडीची मोठी बॅटरी निकेल-कॅडमियमची, १.२ व्होल्टचे सहा सेल मिळून ७.२ व्होल्ट. कॅडमियम विषारी आहे. ती ओल्या कचऱ्यातही टाकायची नाही आणि सुक्यातही नाही. बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रावरच द्यायची. २०२२ पासून देशात त्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. आपल्या गेटपाशी एक वेगळा डबा ठेवला तर बरं होईल, ही कमिटीला नम्र सूचना.

दुसरं, फोटो. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो. आणि स्क्रू? मी जुन्या लेजरसारखे रकाने आखले आणि लोणच्याच्या बरण्यांच्या झाकणांना नंबर दिले. कुठून काढला, किती लांबीचा, कुठल्या झाकणात. रात्री जमाखर्च जुळला की मगच दिवा बंद. एक स्क्रू जास्त उरला तरी ताळेबंद चुकलाच!

तिसरं, स्क्रू ड्रायव्हर. हे फार कमी लोकांना माहीत असतं. जपानी स्क्रूवरची अधिकची खूण आपल्याला नेहमीसारखीच दिसते, पण तिचा घाट थोडा वेगळा असतो. नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही. जोर लावला की वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं खातो. त्यासाठी जपानी मापाचा, जेआयएस ड्रायव्हर मिळतो. आपल्या खाडीच्या हवेत स्क्रू गंजलेले असतात, तेव्हा हा ड्रायव्हर हवाच.

चौथं, साफसफाई. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि मऊ टूथब्रश. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर बिलकूल नको, प्लॅस्टिक खातात. हे चकाकणारे बंपर स्टीलचे नाहीत बरं का, प्लॅस्टिकवर धातूचा अगदी पातळ मुलामा आहे. पितळेच्या पॉलिशने घासाल तर मुलामाच निघून जाईल. आणि तडा दिसला की फेविक्विककडे हात जातो. त्याची वाफ काळ्या प्लॅस्टिकवर पांढरा डाग सोडते.

पाचवं, गिअरबॉक्स. आतलं ग्रीस सुकून मेणासारखं झालं होतं. ते पुसून प्लॅस्टिकला चालणारं पातळ ग्रीस लावलं. मोटर सोडवून आधी कमी व्होल्टेजवर फिरवून पाहिली. फिरली! त्या वेळी वहिनींचा नातू शेजारीच होता. तो ओरडला ते तुम्ही ‘ए’ विंगपर्यंत ऐकलं असेल.

इथवर सगळं सोपं होतं. अडलं ते टपावर.

या काळ्या टपावर मागच्या बाजूला ओरखडे आहेत. नंतर सर्वांनी जवळ येऊन बघा. ही बॉडी काळ्याच प्लॅस्टिकची आहे, रंग दिलेला नाही. त्यामुळे बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, चढत्या नंबरने घासत गेलं आणि शेवटी पॉलिश केलं की ओरखडे जातात. मुलीची इच्छा होती खोक्यावरच्या चित्रासारखा ट्रक व्हावा. मी पेपर आणून ठेवले होते. वहिनींना दाखवायला म्हणून बॉडी नेली. त्यांनी टपावरून बोट फिरवलं आणि मुलीला विचारलं, ‘हे कुणी केलं, आठवतंय का गं?’

या गाडीचा एक स्वभाव आहे. चाकं मोठी, वजन मागे, लांबी कमी. एकदम वेग दिला की पुढची चाकं वर उठतात आणि जास्तच दिला तर गाडी मागे उलटून टपावर घसटते. तेव्हा आठ वर्षांची असलेली ही मुलगी चाळीच्या गच्चीवर वडिलांबरोबर गाडी चालवायची आणि मुद्दाम उलटवायची. वडील रागवायचे नाहीत. पुन्हा सरळ करून द्यायचे. खरखरीत गच्चीवरचे ते ओरखडे. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘काका, पॉलिश नका करू.’

मंडळी, त्या दिवशी मला जे कळलं ते सांगण्यासाठीच आज उभा आहे. नव्यासारखं करणं म्हणजे दुरुस्ती असं आपण धरून चालतो. पण नवा ट्रक तर पैसे टाकले की मिळतो. त्या साच्यातली तशीच बॉडी आज विकत मिळते. विकत मिळत नाही तो या टपावरचा खरचटलेला भाग. मी तो अर्ध्या तासात पुसून टाकू शकलो असतो, आणि नंतर कुणालाही तो परत आणता आला नसता.

मग ठरलं काय? शेवटी वहिनीच बोलल्या. म्हणाल्या, ‘चालू दे. ह्यांनी शोकेससाठी आणला नव्हता. पण वरचं काही पुसू नका.’

त्यानुसार जुनी बॉडी, जुने टायर, ती तापणारी यंत्रणा आणि जुना रिमोट वेगळे काढले. खालच्या मूळ सांगाड्यावर नवी बॉडी, नवे टायर, इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आणि नवा रिमोट बसवला. एक नियम कडक पाळला: नवं भोक पाडायचं नाही, काही कापायचं नाही, काही कायमचं चिकटवायचं नाही. जे लावलं ते सगळं काढता येतं. कार्यक्रमासाठी आज मूळ बॉडी आणि मूळ टायर पुन्हा चढवून आणलेत. संध्याकाळी ते परत शोकेसमध्ये जातील. तिथे बॉडीखाली लाकडी ठोकळा असतो. मुलीला ते अजून थोडं खटकतं, आणि तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. सांगाडा चालवला की झिजणार, मूळचा एखादा गिअर एक दिवस तुटणार. ही किंमत आहे, ती समजून मोजली आहे.

शोकेसवाल्यांसाठी दोन सूचना. ट्रक ठोकळ्यावर ठेवा, चाकं अधांतरी राहू द्या. नाहीतर टायर एका बाजूने चपटे होतात, आणि रबरातलं तेल खालच्या प्लॅस्टिकला किंवा रंगाला चिकटतं. थेट ऊन नको, आणि आत सेल कधीही ठेवू नका.

चालवणाऱ्यांसाठी एकच. जुन्या यंत्रणेवर लिथियम बॅटरी लावू नका. बॅटरी फार उतरली तर वीज तोडण्याची सोय त्या यंत्रणेत नाही, आणि लिथियमला ते धोक्याचं असतं. निकेल-मेटल हायड्राइडची ७.२ व्होल्टची बॅटरी पुरते. चार्जिंग माणूस घरात जागा असतानाच करायचं. रात्री लावून झोपायचं नाही.

आता बालगोपाळांसाठी. सेक्रेटरीसाहेबांनी दर रविवारी सकाळी अर्धा तास ‘डी’ विंगच्या मागची जागा दिली आहे. पार्किंगमध्ये नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलंय, मी तुम्हाला एकदाच सांगतो. ट्रक वहिनींच्या नातवाच्या हातात असेल. त्याला विचारायचं, ओढायचा नाही. उलटला तर घाबरू नका, सरळ करा. तो त्याचा स्वभाव आहे.

आणि मोठ्यांना विनंती. माळ्यावर जुना रेडिओ असेल, शिलाई मशीन असेल, मुलांची गाडी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा समोर बसवा आणि वस्तूवर हात फिरवायला सांगा. कुठला डाग पुसायचा आणि कुठला ठेवायचा, हे कारागिराला कळत नाही. घरच्यांनाच कळतं. कळलं की माझ्याकडे या. झाकणं भरपूर आहेत.

घड्याळात दोन मिनिटं शिल्लक दिसतायत. ती मी सेक्रेटरीसाहेबांच्या खात्यात जमा करतो.