केबलचा प्रवेश आणि पॅनेलची विश्वासार्हता : स्वागताध्यक्षीय भाषण

सन्माननीय संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि पॅनेल बांधणीच्या क्षेत्रातून आलेले अभियंते, पर्यवेक्षक, वायरमन, अध्यापक व विद्यार्थी, या सर्वांचे नाशिक नगरीत स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत आहे. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींना विद्युत उपकरणांच्या निर्मितीने ओळख मिळवून दिली असल्याने, केबलचा पॅनेलमधील प्रवेश आणि आतील वायरिंगची मांडणी या विषयाची चर्चा येथे व्हावी हे उचितच आहे.

पॅनेलच्या पेटीला मिळालेला आयपी ६५ हा दर्जा, म्हणजे आयईसी ६०५२९ या मानकानुसार धुळीला पूर्ण अटकाव आणि पाण्याच्या झोतापासून संरक्षण, चाचणी झालेल्या बंद पेटीचा असतो. पुढे कामाच्या जागी एक जादा भोक पाडून ते उघडे ठेवले, तर तो दर्जा केवळ नामपट्टीवर उरतो. म्हणूनच ग्लँडची, म्हणजे केबलला पकडून तिच्याभोवतीची फट बंद करणाऱ्या जोडणीची, निवड भोकाच्या मापावरून नव्हे, तर केबलच्या बाह्य व्यासावरून करावी लागते. एम २० आट्यांची ग्लँड अनेक बनावटींत सुमारे ६ ते १२ मिलिमीटर व्यासासाठी असते. तीत त्याहून बारीक केबल टेप गुंडाळून बसवली, तर ओढ पडताच ती सरकते आणि रबरी सीलमधून ओल आत शिरते. कोकणातल्या पावसात उघड्यावर उभ्या असलेल्या पॅनेलमध्ये केबल शक्यतो खालूनच घ्यावी आणि न वापरलेले प्रत्येक भोक ब्लँकिंग प्लगने बंद करावे, हे त्यामुळेच आवश्यक ठरते.

सिंगल कोअर केबलच्या, म्हणजे एकच वाहक असलेल्या केबलच्या बाबतीत धोका निराळा असतो. तिन्ही फेजच्या केबली लोखंडी ग्लँड प्लेटच्या स्वतंत्र भोकांतून नेल्या, तर प्रत्येकीभोवतीचे बदलते चुंबकीय क्षेत्र प्लेटमध्ये भोवरा प्रवाह निर्माण करते आणि प्लेट तापते. ॲल्युमिनियमसारख्या अचुंबकीय धातूची प्लेट वापरल्यास, किंवा तिन्ही केबली एकाच भोकातून नेऊन त्यांची क्षेत्रे परस्परांना निष्प्रभ करू दिल्यास, हा ताप टळतो.

पेटीच्या आतही हीच शिस्त लागते. मोटरच्या पॉवर वायरी आणि २४ व्होल्टच्या नियंत्रण वायरी वेगळ्या डक्टमधून न्याव्यात, डक्ट ठासून न भरता पुढील जोडण्यांसाठी जागा राखावी, दरवाजाकडे जाणारी लवचिक वायर दोन्ही टोकांना बांधून मध्ये पुरेसा ढिलावा ठेवावा आणि दोन्ही टोकांवर ड्रॉइंगशी जुळणारे क्रमांकाचे फेरूल चढवावेत. कारण मध्यरात्री बंद पडलेल्या यंत्रापाशी आलेल्या वायरमनला वाट दाखवणारे ते क्रमांकच असतात.

या साऱ्या बाबी बहुधा शेवटच्या दिवसावर आणि हाताशी असेल त्या ग्लँडवर सोडल्या जातात, ही या व्यवसायाची खरी उणीव आहे. म्हणून प्रत्येक पॅनेलच्या ड्रॉइंगसोबत केबलचा व्यास, ग्लँडचे माप आणि प्रवेशाची जागा यांची यादी असावी आणि ती ठरवताना वायरमनचे मत घेतले जावे, असा आग्रह या संमेलनाने धरावा, अशी समितीची कळकळीची विनंती आहे.