पिकअपचं खरं ॲव्हरेज



आपल्याकडे कोणी नवी गाडी घेतली की पेढा हातात पडण्याआधी विचारणा होते, "ॲव्हरेज किती देते?" ऑफ-रोड पिकअप घेणाऱ्याला मात्र हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. चारही चाकांना ताकद देणारी ती उंच गाडी, मागे उघडा हौदा, खाली दातेरी टायर. ती तेल पिणारच, असं धरून लोक विषय बदलतात. आज मला त्याच विषयावर बोलायचं आहे. ही गाडी तेल किती पिते, आणि मुख्य म्हणजे कुठे पिते?

या गाड्यांचं माहेर अमेरिका. फोर्ड कंपनीच्या एफ-मालिकेतली पिकअप 1977 पासून तिथला सर्वाधिक खपणारा ट्रक आहे. शेतावर, बांधकामावर राबणाऱ्या या गाडीला फोर्डने 2009 मध्ये नवं रूप दिलं आणि 'रॅप्टर' बाजारात आणली. वाळवंटातल्या खाचखळग्यांतून भरधाव नेता येईल अशी पिकअप थेट कारखान्यातून तयार होऊन मिळू लागली. मग इतर कंपन्याही या मैदानात उतरल्या. शेवरलेची कोलोरॅडो झेडआर-टू, जीपची ग्लॅडिएटर, टोयोटाची टॅकोमा टीआरडी प्रो, आणि 702 अश्वशक्तीची, पावणेतीन टनांहून जड अशी रॅम टीआरएक्स. या टीआरएक्सचं सरकारी ॲव्हरेज आहे गॅलनला 12 मैल, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला जेमतेम 5 किलोमीटर. एवढी ताकद आणि एवढं वजन एकत्र आल्यावर हा आकडा काही आश्चर्याचा नाही.

मला जास्त बोलका वाटतो तो 2017 सालच्या कोलोरॅडोचा आकडा. अमेरिकेत विक्रीला ठेवलेल्या जवळपास प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर पर्यावरण संरक्षण संस्थेच्या चाचणीचा आकडा लावावा लागतो. कोलोरॅडोची साधी फोर बाय फोर पिकअप आणि तिचीच ऑफ-रोड बहीण झेडआर-टू, दोघींना इंजिन एकच, 3.6 लिटरचं पेट्रोल. गिअरबॉक्सही तोच, आठ गिअरचा. साध्या गाडीचा आकडा शहरात लिटरला 7.2 किलोमीटर आणि हायवेवर 10.2. झेडआर-टूचा शहरात 6.8 आणि हायवेवर 7.7.

हे आकडे पुन्हा एकदा मनात जुळवून पाहा. शहरात दोघींमधला फरक नगण्य आहे. हायवेवर मात्र ऑफ-रोड गाडी चौथा हिस्सा मायलेज गमावून बसते. इंजिन तेच आहे, तेव्हा दोष इंजिनचा नाही. झेडआर-टू साध्या गाडीपेक्षा सुमारे 5 सेंटिमीटर उंच केलेली आहे आणि तिच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर 9 सेंटिमीटरने जास्त आहे. चढावर नाक आपटू नये म्हणून पुढचा बंपर खालून कापलेला आहे. साध्या कोलोरॅडोला बंपरखाली हवा अडवणारी प्लॅस्टिकची पट्टी असते, ती इथे ठेवता येत नाही, कारण पहिल्याच दगडावर ती तुटेल. त्यामुळे हवा सरळ गाडीच्या पोटाखाली शिरते आणि ॲक्सल, सस्पेन्शन, सायलेन्सर यांवर आदळत जाते. त्यात मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर. प्रत्येक फेऱ्यात रबराचे ते ठोकळे जमिनीवर दबतात आणि पुन्हा उसळतात, त्या दबण्या-उसळण्यात इंधनाची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

म्हणजे दगडधोंड्यांसाठी केलेल्या सोयीची किंमत आपण मोजतो ती गुळगुळीत रस्त्यावर. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. गाडी वर्षातले बहुतेक दिवस डांबरावर धावते. घरापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायलाही हायवेच लागतो. रानवाटेच्या 20 किलोमीटरसाठी चढवलेली उंची आणि चढवलेले टायर पुढचे 400 किलोमीटर हवेशी झुंजत राहतात.

आता ही चाचणी होते कशी, ते थोडं सांगतो. गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर नेत नाहीत. प्रयोगशाळेत ती रोलरवर उभी करतात. त्याआधी मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडीला वेग देऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि तिचा वेग कसा उतरत जातो ते मोजतात. हवा आणि टायर मिळून तिला किती मागे खेचतात हे त्यावरून कळतं, आणि तेवढाच विरोध रोलरवर लावला जातो. पद्धत चांगली आहे, प्रामाणिक आहे. अडचण वेगाची आहे. अमेरिकेची हायवे चाचणी 1970 च्या दशकातली, देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा होती त्या काळातली. तिच्यात सर्वाधिक वेग ताशी 60 मैल, म्हणजे 97 किलोमीटरच्या आसपास. आज टेक्सासमधल्या एका टोल रस्त्यावर ताशी 85 मैलांची, म्हणजे 137 किलोमीटरची परवानगी आहे. ही तफावत ओळखून 2008 पासून वेगवान गाडी हाकणं, एसी आणि थंडी यांचाही हिशेब धरू लागले आणि काचेवरचे आकडे खाली आले. तरीही ती चाचणी कारखान्यातून निघाली तशा कोऱ्या गाडीचीच असते.

आपल्याकडची चाचणी याहून सौम्य आहे. पुण्याच्या एआरएआयचं नाव गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. कोथरूडच्या टेकडीवरची ही संस्था 1966 पासून काम करते आहे आणि 'एआरएआय मायलेज' हा आपल्या बोलण्यातला शब्दच होऊन गेला आहे. ज्या भारतीय चाचणीचे हे आकडे असतात, तिच्यात गाडीचा वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही. आता समृद्धी महामार्गाचा विचार करा. तिथे मोटारींना ताशी 120 ची मुभा आहे. वेग 90 वरून 120 झाला की तो एक-तृतीयांशाने वाढतो, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तो पावणेदोन पटीच्याही वर जातो. बुटक्या, निमुळत्या मोटारीला हे थोडंफार सोसतं. समोरून कपाटासारखी सपाट असलेल्या पिकअपला ते फार महागात पडतं. इसुझूची व्ही-क्रॉस आपल्याकडे 2016 पासून आहे, टोयोटाची हायलक्स 2022 पासून. दोन्ही डिझेलवर चालतात, आणि एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाही अधिक असते. पण हवा पेट्रोल-डिझेल पाहत नाही. समृद्धीवर या गाड्या 120 ऐवजी 95 ने नेल्या, तर टाकीचा काटा जे सांगेल ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरं असेल.

कारखान्यातून निघालेली गाडी घरी आली की तिचं खरं रूपांतर सुरू होतं. स्टीलचा बंपर, पुढे विंच, छतावर कॅरिअर, कॅरिअरवर तंबू, दिव्यांची पट्टी, जास्तीचे डिझेलचे कॅन. अमेरिकी सरकारचा अंदाज असा, की 45 किलो वजन वाढलं की मायलेज सुमारे 1 टक्क्याने उतरतं. छतावर मोठी पेटी असेल, तर हायवेच्या चढ्या वेगात 10 ते 25 टक्के मायलेज जाऊ शकतं. वजनापेक्षा छतावरचा अडथळा कितीतरी महाग पडतो, हे लोकांच्या सहज लक्षात येत नाही. एकाच सहलीसाठी बसवलेलं कॅरिअर वर्षभर तसंच राहतं, रिकामं का असेना, हवा कापत फिरतं. सामान न्यायचंच असेल तर ते हौद्यात ठेवावं. हौदा त्यासाठीच आहे.

हौद्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. मागचा फाळका पाडून गाडी चालवली तर हवा सरळ निघून जाते आणि तेल वाचतं, अशी समजूत अमेरिकेतही आहे. ती बरोबर नाही. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरून येणारा झोत त्या भोवऱ्यावरून घसरत पुढे जातो. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो. तेव्हा फाळका बंदच ठेवा, सामानाच्या दृष्टीनेही तेच बरं.

मोठे टायर बसवणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. 31 इंची टायर काढून 35 इंची बसवले, तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे 13 टक्के जास्त अंतर कापते. मीटर मात्र जुन्याच चाकाच्या हिशेबाने मोजतं. मीटर 100 किलोमीटर दाखवतं तेव्हा गाडी 113 गेलेली असते. 'टायर बदलले आणि ॲव्हरेज एकदम कोसळलं' अशी तक्रार ऐकू येते, तिचा एक भाग हा मीटरचा खोटेपणा असतो. नुकसान होतं हे खरं, पण ते किती हे कळायला आधी मीटर दुरुस्त करून घ्यायला हवं. स्पीडचा काटाही त्याच प्रमाणात कमी दाखवतो, आणि ते जास्त धोक्याचं आहे.

आणि प्रत्यक्ष रानात काय होतं? तिथे किलोमीटरचा हिशेबच निरुपयोगी ठरतो. अमेरिकेच्या युटा राज्यात मोआब गावाजवळ कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात व्हाइट रिम नावाची सुमारे 160 किलोमीटरची कच्ची वाट कड्यांच्या काठाकाठाने फिरते. वाटेत पेट्रोलपंप नाही, प्यायचं पाणीही नाही. लोक दोन-तीन दिवस घेऊन ती पार करतात. अशा वाटेवर लो गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीने सरकते आणि इंजिन मात्र जोरात फिरत असतं. पेट्रोलचं इंजिन अशा हलक्या ओझ्यावर सर्वांत वाईट काम करतं, बरंचसं इंधन स्वतःलाच फिरवत ठेवण्यात संपवतं. डिझेल इथे बरंच उजवं ठरतं. म्हणून अनुभवी मंडळी रानात लिटरला किती किलोमीटर हे मोजत नाहीत, तासाला किती लिटर हे मोजतात आणि त्यावर भरपूर राखीव साठा धरतात. वाळूत उतरताना टायरमधली हवा कमी करतात, म्हणजे चाक रुतत नाही. हे योग्यच आहे. पण डांबरावर परतल्यावर हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर हायवेवर तेल तर खातोच, शिवाय तापून फुटू शकतो. हवा भरायचा छोटा पंप ज्याच्या गाडीत नाही, त्याने वाळूत हवा सोडू नये.

आता आकडे वाचण्याच्या सवयीबद्दल. लिटरला किलोमीटर हे माप आपल्याला फसवतं. समजा, वर्षाला 20,000 किलोमीटर फिरणं आहे. 13 चं ॲव्हरेज देणारी मोटार बदलून 20 ची घेतली, तर साधारण 540 लिटर वाचतात. आणि 5.1 ची पिकअप बदलून 7.2 ची घेतली, तर साधारण 1,140 लिटर. सात किलोमीटरच्या सुधारणेपेक्षा दोन किलोमीटरची सुधारणा दुपटीहून अधिक इंधन वाचवते! अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोन संशोधकांनी 2008 मध्ये ही फसगत दाखवून दिली, आणि पुढे तिथल्या काचेवरच्या आकड्यांत '100 मैलांना किती गॅलन' हेही छापलं जाऊ लागलं. म्हणून मी म्हणतो, की 'पिकअपमध्ये एक-दोन किलोमीटरने काय फरक पडतो' हे वाक्य साफ चुकीचं आहे. जास्त तेल पिणाऱ्या गाडीतच एकेका किलोमीटरला सर्वाधिक मोल आहे. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हेही त्या हिशेबात धरा.

अमेरिकी कायद्याने मात्र या गाड्यांचे लाड केले आहेत. जास्त तेल पिणाऱ्या मोटारींवर तिथे 1978 च्या कायद्याने खास कर बसवला, पण पिकअप त्यातून वगळल्या. भरल्या वजनाची मर्यादा 8,500 पौंडांच्या, म्हणजे 3,850 किलोंच्या वर असलेल्या पिकअपला तर काचेवर मायलेज लावण्याचीही सक्ती नाही. सर्वाधिक पिणाऱ्या गाडीच्या मालकालाच आकडा मिळू नये, हे मला अन्यायाचं वाटतं.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांना माझी विनंती आहे. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करा आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी तशीच फुल करा, भरलेल्या लिटरना कापलेल्या किलोमीटरनी भागा आणि शंभराने गुणा, म्हणजे 100 किलोमीटरला किती लिटर लागतात ते कळेल. एका टाकीवर निष्कर्ष काढू नका, चार-पाच टाक्यांची सरासरी घ्या. घाट, हायवे आणि रान यांची नोंद वेगवेगळी ठेवा. टायर मोठे असतील तर महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहा. आणि सहल आटोपली की छतावरचं कॅरिअर त्याच आठवड्यात उतरवून ठेवा.